सुटल्यानंतरचा मंगळवार

शनिवारी सकाळी सुटका आहे असं जेलरसाहेबांनी सांगितलं, तेव्हा गोकुळनं हात जोडून विचारलं, "साहेब, मंगळवारी सोडता नाय का येणार?"

साहेबांनी मान वर केली. दाराशी उभा असलेला शिपाई हसला.

"मंगळवारी डायलिसिस हाये माझं," गोकुळ म्हणाला. "ते झालं की दवाखान्यातूनच परस्पर जातो. मला परत इथवर आणायची पण गरज नाय."

साहेब हसले नाहीत. इतक्या वर्षांच्या नोकरीत सुटकेची तारीख पुढं ढकला म्हणणारा कैदी त्यांनी पाहिला नव्हता. "गोकुळ," ते म्हणाले, "शिक्षा संपल्यावर एक दिवस जरी जास्त ठेवला तर ते बेकायदा होतं. तुझ्या जागी मलाच आत बसावं लागेल."

"मग पुढं माझ्या डायलिसिसचं काय?"

"ते बाहेरचं बाहेर बघावं लागेल."

गोकुळ मूळचा पाचोडचा. घरची थोडी जमीन भाऊ सांडू कसायचा, आणि गोकुळ तरुणपणीच शहरात येऊन पाण्याच्या टँकरवर लागला होता. पुंडलिकनगरात राहणाऱ्या आप्पासाहेबांच्या चार गाड्या होत्या, त्यातली एक तो चालवायचा. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, उन्हाळ्यात तेही लांबतं. तेव्हा टँकरवाल्याला कधी देवासारखं हात जोडतात, तर कधी चोरासारखं अडवतात. अशाच एका मे महिन्यात त्याची गाडी मागच्या गल्लीत निघाली होती, आणि व्यंकटराव नावाचे निवृत्त गृहस्थ गाडीपुढं आडवे उभे राहिले. आमचा नंबर आधीचा, गाडी इथंच खाली करा, म्हणाले. बोलाचाली वाढली. व्यंकटरावांनी गोकुळची कॉलर धरली. गोकुळच्या हातात व्हॉल्व्ह उघडायचा लोखंडी पाना होता, तो त्यानं फिरवला. व्यंकटराव रस्त्याच्या कडेला पडले आणि दोन दिवसांनी दवाखान्यात वारले.

गोकुळनं कोर्टात नाही म्हटलं नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. आत असतानाच बायको वारली. मुलगी तनुजा लग्न होऊन शेंद्र्याला गेली आणि तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. आतच त्याचा रक्तदाब वाढत गेला, पायांवर सूज चढली, आणि एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला पोलिसांच्या गाडीतून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेत. मशीनशेजारच्या पलंगावर तो झोपायचा, बंदोबस्ताचा पोलिस दाराशी मोबाईल बघत बसायचा, आणि चार तासांत त्याचं रक्त धुऊन परत अंगात यायचं. जन्मभर हजारो लिटर पाणी वाहिलेल्या माणसाला आता दिवसाला दोन पेले पाणी पुरवायचं होतं.

या आजारानं त्याला आणखी एक खोड लावली. पायांत काहीतरी वळवळायचं. बसलं की वळवळ सुरू, झोपलं की जास्त. चाललं की तेवढ्यापुरती थांबायची. बराकीतले लोक त्याला "घड्याळ" म्हणत, कारण तो भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत असायचा.

शनिवारी तनुजा त्याला न्यायला आली. कपड्यांची पिशवी, दवाखान्याची फाईल आणि जेलच्या डॉक्टरांनी बांधून दिलेल्या गोळ्या घेऊन तो बाहेर पडला. रिक्षात बसल्या बसल्या तो म्हणाला, "सरळ दवाखान्यात जाऊ."

"आबा, आधी घरी चला. आज तिथं कोण भेटणार? दुपारनंतर सगळं बंद असतं."

"भेटलं तर भेटलं."

कोणी भेटलं नाही. रविवार त्यानं शेंद्र्याला तनुजाच्या दोन खोल्यांत काढला. जावई ऋतुराज भला माणूस होता. त्यानं टीव्ही लावून दिला, गादी मोकळी करून दिली. गोकुळ गादीवर टेकायचा आणि उठायचा. अंगणात जायचा, कारखान्याच्या कंपाउंडपर्यंत जाऊन यायचा. शेजारच्या बाया बघत होत्या. तनुजाला कळत होतं की त्या काय बोलत असणार. तिनं डाळीचं पाणी काढून टाकून त्याला कोरडा भात वाढला, मीठ वेगळं ठेवलं.

सोमवारी सकाळी बापलेक दवाखान्यात पोचले. डायलिसिसच्या वॉर्डातल्या सिस्टर मोनिका गोकुळला ओळखत होत्या. "मामा, आज पोलिस कुठं सोडले?" त्यांनी विचारलं.

"सुटलो मी, सिस्टर."

त्यांना आनंद झाला. मग चेहरा जरा बदलला. "उद्याची तुमची मशीन आहे," त्या म्हणाल्या. "पण आजवर तुमचं नाव जेलकडून यायचं. आता तुम्हाला योजनेच्या कार्डावर यावं लागेल. खाली खिडकीवर जा. कार्ड निघालं की एक पैसा लागणार नाही. नाही निघालं तर पैसे भरून करावं लागेल."

"माणूस तर तोच हाये ना, सिस्टर?" तनुजा म्हणाली. "शुक्रवारी केलं तोच."

"मला दिसतंय गं," मोनिका सिस्टर म्हणाल्या. "कॉम्प्युटरला नाही दिसत."

खिडकीवरच्या पोरानं रेशनकार्ड मागितलं. गोकुळला वाटलं, इथंच बोंबलणार. पण पाचोडला फोन लावला तर सांडूनं सांगितलं की नाव अजून आहे. इतकी वर्षं तो भावाच्या वाट्याचं धान्य उचलत होता, म्हणून का होईना, नाव त्यानं कापलं नव्हतं. "राग नको मानू," सांडू फोनवर म्हणाला. गोकुळला त्या क्षणी भावाच्या पाया पडावंसं वाटलं. सांडूनं कार्डाचा फोटो पाठवला.

मग आधार. पोरानं बोट मशीनवर ठेवायला सांगितलं. मशीननं घेतलं नाही. दुसरं बोट, तिसरं, अंगठा, पुसून, ओलं करून. एकही उमटलं नाही. स्टिअरिंग आणि पाना धरून धरून बोटांच्या रेघा केव्हाच गेल्या होत्या.

"मग ओटीपीनं करू," पोरगा म्हणाला. "आधारला जोडलेला मोबाईल कुणाकडं आहे? शेवटचे आकडे नव्वद-नव्वद."

गोकुळनं आकडे ओळखले. तो नंबर त्याला तोंडपाठ होता. गाडी पंक्चर झाली की त्यावर फोन करायचा, पाणी कुठं टाकायचं ते त्याच नंबरवरून कळायचं. आधारची टूम निघाली तेव्हा गोकुळकडं स्वतःचा फोन नव्हता. आप्पासाहेबांनी चारही ड्रायव्हरांना एका जीपमध्ये घालून नेलं होतं आणि सगळ्यांना आपलाच नंबर दिला होता.

"दुसरा नंबर लावता येतो," पोरगा म्हणाला. "पण वेळ लागतो त्याला. आठवडा समजा."

आठवडा. गोकुळच्या पायांवर आत्ताच चप्पल घट्ट होत होती.

त्यानं आप्पासाहेबांना फोन लावायच्या आधी विशाखा वकीलबाईंना गाठलं. त्या जेलमध्ये कैद्यांच्या मोफत केसेस बघायला येत. कोर्टाजवळच्या त्यांच्या छोट्या ऑफिसात दोघं गेले. विशाखाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तीनचार फोन फिरवले, प्रत्येक ठिकाणी आवाज चढवला आणि शेवटी फोन टेबलावर टाकला.

"गोकुळराव, नेमकं ह्याच्यासाठीच मुंबईत एक विधेयक आलंय," त्या म्हणाल्या. "सुटणाऱ्या माणसाचं आरोग्य कार्ड आतच तयार करायचं, सुटेल त्या दिवसापासून उपचार चालू राहिले पाहिजेत. एका आमदारांनी मांडलंय. मसुदा लिहायला आम्ही मदत केली."

"उद्यापर्यंत व्हईल का ते?"

विशाखाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत नाही होणार."

"मग आप्पासाहेबांकडं जावंच लागंल," गोकुळ म्हणाला.

फोन आप्पासाहेबांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी उचलला. आप्पासाहेब जाऊन दोन वर्षं झाली होती, हे गोकुळला तेव्हा कळलं.

"कोण गोकुळ?"

"टँकरवरचा गोकुळ, काकू."

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. "सुटलास?" मग आलं.

त्यानं ओटीपीचं सांगितलं. जितकं समजावून सांगावं तितकं ते खोटं वाटत होतं. जेलमधून सुटलेला माणूस फोन करतो आणि मोबाईलवर आलेला नंबर सांगा म्हणतो. वच्छलाबाई म्हणाल्या, "चिन्मयनं बजावलंय मला, ओटीपी कुणालाच सांगायचा नाय. आणि फोनवर तू तूच कशावरून?" चिन्मय त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. फोन कट झाला.

मंगळवारी सकाळी उठताना गोकुळला धाप लागत होती. तनुजानं ठरवलं, ती खिडकीवर रांगेत उभी राहील आणि ऋतुराज मोटारसायकलवरून आबांना पुंडलिकनगरात सोडेल. ऋतुराजची पाळी दुपारची होती, म्हणून जमलं.

गोकुळला पुंडलिकनगरच्या प्रत्येक गल्लीतली टाकी ठाऊक होती. कुठं गाडी रिव्हर्स घ्यावी लागते, कुठल्या घराचा पाइप आखूड पडतो. आता मोकळ्या प्लॉटांवर इमारती झाल्या होत्या, तरी एका कोपऱ्यावर टँकर उभा होताच, आणि बाया बादल्या घेऊन उभ्या होत्या. त्यानं मान खाली घातली. ऋतुराजला म्हणाला, "तू इथंच थांब कोपऱ्यावर. मी एकटा जातो."

वच्छलाबाईंनी जाळीच्या दारातून त्याला पाहिलं. ओळखायला त्यांना वेळ लागला. चेहरा सुजला होता, रंग राखेसारखा झाला होता. त्यांनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"तुझ्यामुळं ह्यांनी गाड्या विकल्या," त्या म्हणाल्या. "इथले लोक आमच्या दारावरून थुंकून जायचे. पोलिस तीनदा घरात आले. मी व्यंकटरावांच्या घरी भेटायला गेले तर त्यांनी मला दारातून परत पाठवलं. तीस वर्षांचा शेजार होता."

"व्हय, काकू."

"ह्यांनी शेवटपर्यंत तुझं नाव घेतलं नाय."

पायांत वळवळ सुरू झाली होती. उभ्या उभ्या तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. वच्छलाबाईंना ते उर्मटपणाचं वाटलं. "घाई आहे का तुला?" त्या म्हणाल्या.

"घाई नाय, काकू. हा आजारच हाये. उभं राहवत नाय."

तेवढ्यात खिशातल्या ऋतुराजच्या मोबाईलवर तनुजाचा फोन आला. तिचा नंबर लागला होता, पोरानं बटण दाबलं होतं. आत टेबलावरचा मोबाईल वाजला. वच्छलाबाई आत गेल्या, चष्मा लावला, मोबाईल हातात घेऊन खुर्चीवर बसल्या आणि बघत राहिल्या. ओटीपी वाचला मात्र नाही.

"आबा, सांगा लवकर," तनुजा फोनवर म्हणत होती. "मागं लई लोक हायेत."

गोकुळ उंबऱ्याबाहेरून आत बघत होता. त्यानं "काकू" म्हणून हाक मारली नाही. मारली असती तर त्या उठून दार लावतील असं त्याला वाटलं. वेळ गेला. तनुजा म्हणाली, "गेला तो. मुदत संपली. पोरगा म्हणतो एकदाच अजून पाठवतो, मग रांगेत शेवटी जा."

"काकू," गोकुळ आता म्हणाला, "दुसरा येईल. नसंल द्यायचा तर नका देऊ. मी जातो. पण एवढं सांगा, म्हणजे ती पोरगी रांगेत उभी राहणार नाय."

वच्छलाबाईंनी मान वर केली. "नाय दिला तर काय होतं तुला?"

"पाणी भरतं छातीत."

"मग?"

"मग काय, काकू."

मोबाईल पुन्हा वाजला. वच्छलाबाईंनी मोठ्यानं, शाळेत पाढा म्हणावा तसा, एकेक आकडा वाचला. गोकुळनं तो फोनवर तसाच पुढं सांगितला. पलीकडून तनुजाचा श्वास ऐकू आला, मग ती म्हणाली, "झालं. निघालं, आबा."

त्यानं उंबऱ्याला हात लावला आणि वळला. वच्छलाबाई दारापर्यंत आल्या. "कोपऱ्यावरनं डावीकडं जाऊ नको," त्या म्हणाल्या. "व्यंकटरावांची बायको सकाळी ओट्यावर ऊन खात बसलेली असते. तिला तुझं तोंड दिसायला नको."

तो उजवीकडून गेला. ऋतुराजपर्यंत पोचायला लांबचा फेरा पडला, दोनदा भिंतीला टेकावं लागलं, पण तो उजवीकडूनच गेला.

दुपारी मोनिका सिस्टरनी सुई लावली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "फार पाणी साठलंय, मामा." गोकुळ डोळे मिटून पडला होता. डोळ्यांपुढं ओटा येत होता, जो त्यानं पाहिलाच नव्हता.

त्यानंतर गाडी रुळावर आली असं म्हणता येईल. ऋतुराजनं त्याला एका गोडाउनवर दिवसाच्या पहारेकऱ्याचं काम लावून दिलं. मालकाला सगळं सांगून लावलं. फाटकापाशी खुर्ची होती, पण गोकुळ चालतच पहारा द्यायचा, म्हणून मालक खूश होता. मंगळवार-शुक्रवारची सुटी पगारात धरली नव्हती. गोकुळला ते मान्य होतं. तनुजा म्हणायची, "आबा, आता तरी जरा शांत व्हा." तो व्हय म्हणायचा. पण त्याचं मन वॉर्डातून जेलच्या दारापर्यंत जाऊन यायचं. आत सोमनाथ होता, दिवसातून दोनदा इन्शुलिन घेणारा. पुढच्या महिन्यात त्याची सुटका होती. त्याचं कोण बघणार?

शेवटी तो विशाखाबाईंकडं गेला आणि सोमनाथचं विचारलं. त्यांनी सोमनाथचा कागद करायला घेतला आणि म्हणाल्या, "त्या विधेयकावर लोकांचं म्हणणं ऐकायला समिती शहरात येतेय. तुम्ही बोलाल?"

"मी काय बोलू?"

"झालं ते."

तनुजाला ते पटलं नाही. "तिथं पेपरवाले असतील. कारखान्यात सगळ्यांना कळंल," ती म्हणाली. मग दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून दोरीवर टाकला.

मोठ्या सभागृहात लांब टेबलापलीकडं सात-आठ आमदार आणि अधिकारी बसले होते. आधी डॉक्टर बोलले, मग एक निवृत्त न्यायाधीश, मग विशाखाबाई. गोकुळचं नाव पुकारलं तेव्हा तो माइकपुढच्या खुर्चीत बसला आणि लगेच उठला.

"बसून बोला," अध्यक्ष म्हणाले.

"बसवत नाय मला, साहेब. उभ्यानं बोलू का?"

त्यांनी मान हलवली. गोकुळ माइकपासून खिडकीकडं आणि खिडकीपासून माइककडं जात येत बोलला. निम्मं माइकमध्ये आलं, निम्मं नाही. सुटकेचं सांगितलं, बोटांचं सांगितलं. ओटीपीचं सांगितलं, पण वच्छलाबाईंचं नाव घेतलं नाही. मध्येच विसरला, पुन्हा सुरू केलं. मागं बसलेली तनुजा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

एका सदस्यानं विचारलं, "तुमचा गुन्हा काय होता?"

"माणूस मारला, साहेब."

सभागृहात हालचाल झाली. सदस्य म्हणाले, "मी तुम्हाला दुखवायला म्हणत नाही. पण बाहेर प्रामाणिक माणसं कार्डासाठी रांगेत उभी असतात. माणूस मारलेल्याला सरकारनं आधी का द्यावं? त्या मेलेल्या माणसाच्या घरच्यांना काय सांगायचं?"

विशाखाबाई उठायला लागल्या. गोकुळ खिडकीपाशी थांबला होता.

"त्याच्या बायकोला विचारलं तर ती नका देऊ म्हणंल," तो म्हणाला. "तिचं चुकत नाय. मी पण तिला काय सांगणार? पण साहेब, मग कोर्टानं तसं लिहायला पाहिजे होतं. सात वर्षं, आणि त्याच्यापुढं डायलिसिस नाय, असं. तसं लिहिलं असतं तर मी विचारलं नसतं."

अध्यक्षांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, धन्यवाद म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. ज्यांनी प्रश्न विचारला होता ते सदस्य चहाच्या वेळी त्याच्या शेजारून गेले. थांबल्यासारखे झाले, पण थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. त्यात गोकुळचं नाव चुकीचं छापलं होतं, आणि तनुजाला त्याचं बरंच वाटलं. कारखान्यात तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईनं मात्र बरोबर ओळखलं. डबा खाताना ती तनुजाला म्हणाली, "माझा दीर हाये आत. त्याला मिरगी हाये. तुझ्या वडिलांना विचारशील का, काय करावं लागतं?" तनुजानं संध्याकाळी ते आबांना सांगितलं. तिनं सांगताना आवाज जरा वरचा लावला होता.

विधेयकाचं त्या अधिवेशनात काही झालं नाही. दुसऱ्याच एका विषयावरून गोंधळ झाला, कामकाज गुंडाळलं गेलं आणि ते पुढच्या अधिवेशनावर गेलं. सोमनाथचं कार्ड विशाखाबाईंनी हातानं, माणसामागं माणूस लावून, सुटकेआधी दोन दिवस मिळवलं. बाकीच्यांचे कागद तसेच पडून होते. विशाखाबाई दमल्या होत्या. त्यांनी गोकुळला सांगितलं, "हिवाळ्यात नागपूरला लागेल ते. तिथं पुन्हा साक्षीदार बोलावतील कदाचित."

"मी येतो."

"लांब आहे गोकुळराव. जाऊन येऊन तीन दिवस मोडतील. तुम्हाला झेपेल का?"

पुढच्या शुक्रवारी पलंगावर आडवा झाल्याबरोबर त्यानं मोनिका सिस्टरना विचारलं, "सिस्टर, ह्या कार्डावर नागपूरला करून देतात का डायलिसिस?"